विंडोज टाकताना "ड्रायव्हर मिसिंग" आलं तर काय करायचं

लॅपटॉप फॉरमॅट मारायला बसलं आणि मध्येच "ड्रायव्हर मिसिंग" असं काहीतरी आलं की निम्मे लोक तिथंच गार पडतात, आणि उरलेले निम्मे नवीन एसएसडीचा भाव विचारायला कोल्हापुरातल्या राजारामपुरीत जातात. बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते. लॅपटॉप धडधाकट असतो, एसएसडी पण धडधाकट असते, फक्त सेटअपला ड्रायव्हर, म्हणजे एखाद्या पार्टाशी बोलायला लागणारी एक छोटी फाईल, पाहिजे असते आणि ती कुठली ते तो नीट सांगत नाही, एवढाच घोळ.

कसंय, ही तक्रार एक नाही, दोन वेगळ्या आहेत. एक येते विंडोज पडायच्या आधी, सेटअप चालू असताना, म्हणजे डिस्कच दिसत नाही किंवा सेटअप म्हणतो मीडिया ड्रायव्हर द्या. दुसरी येते विंडोज पडल्यावर, म्हणजे वायफाय नाही, आवाज नाही, टचपॅड मेलेलं, स्क्रीनवर अक्षरं ही मोठ्ठाली. पहिलीत सेटअपला डिस्कपर्यंत पोचता येत नसतं आणि दुसरीत विंडोजला बाकीच्या पार्टांची ओळख नसते. उपाय दोन्हीचे वेगळे, त्यामुळं आधी आपली तक्रार कुठली ते ठरवा आणि मगच पुढचं वाचा, नाहीतर पहिलीचा उपाय दुसरीवर मारत रात्र जाते.

जुनी विंडोज अजून चालू होत असेल तर

मग तुम्ही नशीबवान आहात, फॉरमॅटची घाई करू नका. डेटा बाहेर काढा हे तर झालंच, पण त्याच्यासोबत तीन गोष्टी करून ठेवा.

एक म्हणजे लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल आणि सिरीयल नंबर. बुडाला स्टिकर असतो, डेलवर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो, एचपीवर प्रॉडक्ट नंबर असतो. फोटो काढून ठेवा, कारण स्टिकर घासून गेलेला असतो आणि ऐनवेळी टॉर्च मारून बघत बसावं लागतं. नुसतं "एचपी पॅव्हेलियन" किंवा "लेनोवो आयडियापॅड" एवढं सांगून ड्रायव्हर मिळत नाही, त्या एका नावाखाली ढीगभर मॉडेलं आहेत.

दुसरं बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप. विंडोज ११ वाल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला लॉगिन करून ४८ आकडी रिकव्हरी की बघा आणि कागदावर लिहून ठेवा. सगळं पुसूनच टाकणार असाल तर तिचं काम नाही, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये, हात घातल्यावर जुनी विंडोज परत उघडायची वेळ आली तर ती पहिल्यांदा हीच की मागते.

तिसरं आणि सगळ्यात कामाचं, सध्याचे चालू ड्रायव्हर बाहेर काढून ठेवा. हे लई कमी लोक करतात. पेनड्राइव्हवर ड्रायव्हर्स नावाचा फोल्डर करा, स्टार्टमध्ये सीएमडी शोधून राईट क्लिकनं रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा आणि कमांड द्या. फोनवर सांगतो तशी सांगतो, टाईप अर्थातच इंग्रजीत करायची: पीएनपीयूटिल एक शब्द, स्पेस, स्लॅश लावून एक्सपोर्ट डॅश ड्रायव्हर, स्पेस, स्टार, स्पेस, आणि मग फोल्डरचा पत्ता, म्हणजे पेनड्राइव्हचं अक्षर ई असेल तर ई कोलन बॅकस्लॅश ड्रायव्हर्स. एंटर मारा आणि चहा पिऊन या. बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर एकेका फोल्डरमध्ये येऊन पडतात. सी ड्राइव्हवर मात्र ठेवू नका, सी तर आपण पुसणार आहे.

नवीन विंडोज पडल्यावर तोच माल परत भरायचा: पीएनपीयूटिल, स्पेस, स्लॅश अ‍ॅड डॅश ड्रायव्हर, स्पेस, ई कोलन बॅकस्लॅश ड्रायव्हर्स बॅकस्लॅश स्टार डॉट आयएनएफ, स्पेस, स्लॅश सबडिर्स, स्पेस, स्लॅश इन्स्टॉल. एकदा रीस्टार्ट, आणि निम्म्याच्या वर तक्रारी तिथंच संपतात. तोच लॅपटॉप आणि विंडोज १० किंवा ११ असेल तर हे छान चालतं. ३२ बिटवरून ६४ बिटला चालला असाल तर मात्र हे विसरा.

जुनी विंडोज चालूच होत नसेल तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसून कंपनीच्या सपोर्ट साईटवरून ड्रायव्हर उतरवा. सगळे नकोत. स्टोरेजचा म्हणजे इंटेल रॅपिड स्टोरेज, वायफायचा, चिपसेटचा आणि सिरीयल आयओचा (टचपॅडसाठी लागतो तो) एवढे घ्या, बाकीचे नेट लागल्यावर बघता येतात.

आणि सोबत यूएसबीचा माऊस ठेवा, सेटअपमध्ये टचपॅड चालेलच असं नाही. मोबाईलची केबल ठेवा, पण डेटा जाणारी, नुसती चार्जिंगवाली नको. चार्जर लावूनच बसा. जून-जुलैत आपल्याकडं पाऊस लागला की लाईटीचा भरवसा नसतो, आणि बॅटरी गेलेला लॅपटॉप फॉरमॅटच्या मध्यात बंद पडला की परत पहिल्यापासून.

सेटअप "मीडिया ड्रायव्हर" मागतोय

मेसेज साधारण असा असतो, "अ मीडिया ड्रायव्हर युवर कॉम्प्युटर नीड्स इज मिसिंग", आणि खाली म्हणतो डीव्हीडी, यूएसबी किंवा हार्ड डिस्कचा ड्रायव्हर असू शकतो. म्हणजे त्याला पण माहीत नाही नक्की काय पाहिजे. आणि गंमत अशी की बऱ्याच वेळा कुठलाच ड्रायव्हर नको असतो, पेनड्राइव्हच गंडलेला असतो.

म्हणून पहिला संशय पेनड्राइव्हवर घ्या. सोप्यापासून सुरुवात करायची: कॅन्सल करा, पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टला लावा, शक्यतो निळ्याऐवजी काळ्या म्हणजे यूएसबी २ च्या, आणि परत इन्स्टॉल नाऊ दाबा. जुन्या लॅपटॉपवर एवढ्यानं पण गाडी पुढं सरकते. हब लावून त्यात पेनड्राइव्ह असेल तर हब काढा, डायरेक्ट लावा.

नाही सरकली तर आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्ह बनवायला उतरवलेली विंडोजची फाईल, बघा. विंडोज ११ ची आयएसओ पाच जीबीच्या वर आहे, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर उतरवताना मध्ये तुटली की फाईल दिसायला पूर्ण दिसते पण आतून अर्धवट असते. तपासायची सोय विंडोजमध्येच आहे. सीएमडीत सर्टयूटिल, स्पेस, डॅश हॅशफाईल, स्पेस, फाईलचं नाव, स्पेस, एसएचए२५६ असं दिलं की एक लांबलचक नंबर येतो, तो मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावरच्या नंबराशी जुळवायचा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाईल टाकून द्या. मित्रानं कुठूनतरी आणलेली "सगळं ॲक्टिव्हेटेड" वाली आयएसओ असेल तर तपासायच्या भानगडीतच पडू नका, सरळ मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह त्यानंच बनवा. रुफस हे पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर आत्ताच्या लॅपटॉपला पार्टिशन जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय ठेवा. आयएसओ उघडून आतल्या फायली हातानं कॉपी-पेस्ट करणारे पण बघितलेत, फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाईल बसतच नाही आणि विंडोजची मुख्य फाईल नेमकी तेवढी मोठी असते, मग काय डोंबल चालणार.

विंडोज ७ वाल्यांसाठी थोडक्यात. शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कुठल्यातरी मशीनचं सॉफ्टवेअर फक्त सातवरच चालतं म्हणून अजून सात टाकून मागणारे भेटतात. सातमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही, म्हणून सेटअप पेनड्राइव्हवरून सुरू होतो आणि दोन मिनिटांनी त्याच पेनड्राइव्हला ओळखत नाही. इंटेलच्या सहाव्या जनरेशनपासून, म्हणजे २०१५ पासून, जुना यूएसबी २ कंट्रोलर चिपसेटमधूनच गेला, त्यामुळं तिथं काळा पोर्ट शोधून पण उपयोग नाही, यूएसबी ३ चे ड्रायव्हर आयएसओत घालूनच पेनड्राइव्ह बनवावा लागतो. सातचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय, त्यामुळं असलं मशीन नेटला न जोडता चालवा एवढंच म्हणेन.

पेनड्राइव्ह चांगला आहे, पण डिस्कच दिसंना

आता खरा इषय. सेटअप सुरू झाला, भाषा निवडली, प्रॉडक्ट की नको म्हटलं, आणि "विंडोज कुठं टाकू" या पानावर यादी रिकामी. खाली लिहिलेलं असतं की ड्राइव्ह सापडले नाहीत, लोड ड्रायव्हर करा. विंडोज ११ चा नवीन सेटअप आलाय त्यात तर कधी कधी यादीच्या आधीच तो वरचा मीडिया ड्रायव्हरवाला मेसेज येतो, त्यामुळं लोक पेनड्राइव्हवर पेनड्राइव्ह बदलत बसतात.

आमच्या मावशीचा पोरगा इंजिनिअरिंगला आहे, त्याचा असाच रात्री फोन.

"दादा, सगळं केलं, पण डिस्कच दिसंना झालीय. दुकानात दाखवलं तर म्हणाले एसएसडी उडालीय, नवीन टाकावी लागंल."

"बायोसमध्ये नाव दिसतंय का तिचं?"

"दिसतंय की."

"मग उडाली कुठली, आहे की तिथंच. प्रोसेसर कुठला तुझा?"

"आय५, ११३५जी७."

तिथंच निदान झालं. इंटेलनं ११ व्या जनरेशनपासून, म्हणजे २०२० च्या शेवटाला आलेल्या लॅपटॉपांपासून, व्हीएमडी नावाचा प्रकार लॅपटॉपात आणला, व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. एसएसडी थेट विंडोजला न दिसता या व्हीएमडीच्या मागं बसते, आणि व्हीएमडीशी बोलायचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये बऱ्याच वेळा नसतो. कंपनीनं भरून दिलेल्या विंडोजमध्ये तो आधीच असतो म्हणून इतके दिवस काही जाणवत नाही, आणि फॉरमॅट मारायला गेलं की यादी रिकामी. प्रोसेसरचं जनरेशन ओळखायचं तर आकड्याची सुरुवात बघा, ११३५जी७ म्हणजे अकरावं, १२३५यू म्हणजे बारावं, ८२५०यू म्हणजे आठवं. एएमडी रायझन असेल तर व्हीएमडीचा संबंधच नाही. पुण्याच्या कंपन्यांतून निघालेले सेकंडहँड डेल आपल्याकडं लई येतात, त्यात मात्र जनरेशन जुनं असलं तरी बायोसमध्ये रेड ऑन, म्हणजे एसएसडी तशीच आड ठेवणारं सेटिंग, केलेलं असतं, तिथं पण हीच लक्षणं दिसतात आणि उपाय पण हाच.

तर रस्ते दोन.

पहिला रस्ता, ड्रायव्हर द्यायचा. लॅपटॉप कंपनीच्या साईटवर तुमच्या मॉडेलखाली स्टोरेजमध्ये इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी असतो तो घ्या, किंवा इंटेलच्या साईटवरून घ्या पण खाली कुठल्या जनरेशनला चालतो ते वाचून. आता पोरगं जिथं अडकलं होतं ते बघा. त्यानं उतरवलेली ईएक्सई तशीच्या तशी पेनड्राइव्हवर टाकली होती, ब्राउज करून तो फोल्डर दाखवत होता आणि सेटअप म्हणत होता काही सापडलं नाही. सापडणार कसं, सेटअपला ईएक्सई नको असते, त्याला आयएनएफ, एसवायएस आणि कॅट अशा सुट्ट्या फायली पाहिजेत. म्हणून ती ईएक्सई आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उलगडून घ्यायची. इंटेलची सेटअप आरएसटी असेल तर सीएमडीत त्या फोल्डरमध्ये जाऊन फाईलचं नाव, स्पेस, डॅश एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स, स्पेस, आणि नवीन फोल्डरला द्यायचं नाव. एचपीची एसपी आकडा अशा नावाची फाईल असेल तर ती चालवली की सी ड्राइव्हवर एसडब्ल्यूसेटअप नावाच्या फोल्डरमध्ये स्वतःच उलगडते, पुढं इन्स्टॉल करू का विचारलं तर नको म्हणा. बाकीच्या बऱ्याचशा सेव्हन-झिपनं उघडतात. आत शोधत गेलं की व्हीएमडी नावाचा फोल्डर सापडतो, त्यात आयएएसटीओआरव्हीडी नावाची आयएनएफ दिसली म्हणजे माल बरोबर आहे. तो फोल्डर विंडोजच्याच पेनड्राइव्हवर टाकला तरी चालतं, वेगळा पेनड्राइव्ह पाहिजे असं काही नाही. आणि सुरुवातीला सांगितल्याप्रमाणं जुन्या विंडोजमधून ड्रायव्हर एक्सपोर्ट केले असतील तर त्यात याच नावानं सुरू होणारा फोल्डर बहुतेक असतो, मग काही उतरवायची गरजच नाही.

मग सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर, ब्राउज, तो फोल्डर, ओके. यादीत इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर असं काहीतरी येतं. एकापेक्षा जास्त आले तर पुढं कंसात टीजीएल लिहिलंय तो अकराव्याचा, एडीएल बाराव्याचा, आरपीएल तेराव्याचा. खालचा "न जुळणारे ड्रायव्हर लपवा" वाला टिक चालू असेल तर सहसा एकच दिसतो आणि तोच बरोबर असतो, म्हणून आधी टिक तसाच ठेवा, यादी रिकामी राहिली तरच काढून बघा. नेक्स्ट दाबल्यावर थोडा वेळ काही हलत नाही, घाबरून बटणं दाबत बसू नका. मग एकदम एसएसडी तिच्या सगळ्या पार्टिशनसकट हजर होते.

दरवेळी ब्राउज करायचा कंटाळा असेल, म्हणजे घरात नाहीतर ऑफिसात सारख्या मॉडेलचे बरेच लॅपटॉप असतील, तर पेनड्राइव्हच्या मुळाशीच एक फोल्डर करा, नाव डॉलर, विनपीईड्रायव्हर, परत डॉलर, सगळं एकत्र. त्यात सुट्ट्या फायली टाकल्या की सेटअप स्वतःच उचलतो.

दुसरा रस्ता, व्हीएमडी बंद करायचं. बायोसमध्ये जा. असूसला एफ२ दाबून आत गेल्यावर एफ७ नं अ‍ॅडव्हान्स्ड मोड आणि तिथं व्हीएमडी सेटअप मेनू. एसरला एफ२, मेन टॅबवर जाऊन कंट्रोल आणि एस एकत्र दाबायचं, तोपर्यंत ऑप्शन लपलेला असतो आणि माणूस अख्खा बायोस पालथा घालत बसतो. डेलला एफ२, स्टोरेजमध्ये रेड ऑनच्या जागी एएचसीआय किंवा एनव्हीएमई. लेनोवोला एफ२ किंवा थिंकपॅड असेल तर एफ१, कॉन्फिगरेशनमध्ये बघा. एचपीला एफ१०, पण बऱ्याच एचपीत हा ऑप्शनच दिलेला नाही, मग पहिल्या रस्त्यानंच जायचं. सेव्ह करून बाहेर या, सेटअप परत सुरू करा, डिस्क दिसते.

कुठला रस्ता धरायचा? एकच एसएसडी असलेल्या घरगुती लॅपटॉपला दोन्ही चालतात, बंद केल्यानं वापरताना काही कमी-जास्त जाणवणार नाही. पण डिस्कवरचा डेटा अजून काढायचाय किंवा जुनी विंडोज ठेवायचीय असं असेल तर बंद करण्याच्या नादाला लागू नका, जुनी विंडोज उघडताना निळी स्क्रीन येते, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणून. आलीच तर परत जाऊन ऑप्शन होता तसा करा, ती उठते, फक्त बिटलॉकरची की मागू शकते. मी स्वतः ड्रायव्हर देऊनच टाकतो, कारण उद्या कुणी बायोस रीसेट केला आणि व्हीएमडी आपोआप परत चालू झालं तर लॅपटॉप अडकून पडत नाही.

डिस्क दिसली की लगेच सगळी पार्टिशनं डिलीट मारू नका, डी ड्राइव्हमध्ये काय आहे ते विचारा, घरात एकापेक्षा जास्त माणसं तो लॅपटॉप वापरत असतात. काकूंचे लग्नाचे फोटो गेले की ड्रायव्हर कितीही नीट बसवा, घरात बोलणी खावीच लागतात.

विंडोज पडली, पण नेट नाही

विंडोज ११ पहिल्यांदा उठली की नेट मागून अडून बसते आणि वायफायचा ड्रायव्हर नसल्यामुळं नेट नाही, नेट नसल्यामुळं ड्रायव्हर नाही, असा पेच. शिफ्ट एफ१० दाबून काळी खिडकी उघडायची आणि बायपासएनआरओ चालवून नेटशिवाय पुढं जायचं ही युक्ती सगळ्यांना माहीत झालीय, पण मायक्रोसॉफ्ट ती नवीन बिल्डमधून काढत चाललंय, त्यामुळं तिच्यावर अवलंबून राहू नका.

सोपं असंय, अँड्रॉइड मोबाईल केबलनं जोडा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोजला तो मोबाईल लॅनच्या वायरसारखा दिसतो आणि त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मोबाईल घरच्या वायफायला जोडलेला असला तरी तेच नेट केबलनं लॅपटॉपला जातं, म्हणजे मोबाईलचा डेटा पण उडत नाही. आयफोनचं तसं नाही, त्याला आधी ॲपलचा ड्रायव्हर लागतो, म्हणून शेजारचा अँड्रॉइड मागून आणा. नवीन सेटअपच्या नेटवर्कच्या पानावर इन्स्टॉल ड्रायव्हर असं बटण पण आलंय, पेनड्राइव्हवर वायफायच्या सुट्ट्या फायली असतील तर तिथूनच देता येतात.

नेट लागलं की विंडोज अपडेट चालू करा आणि त्याला त्याचं काम करू द्या. अपडेट, रीस्टार्ट, परत अपडेट. मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ऑप्शनल अपडेट्स, तिथं ड्रायव्हर अपडेट्स म्हणून वेगळी यादी असते, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. नवीन विंडोजवर तिथलं सगळं टिक करून टाकायला हरकत नाही.

पिवळं चिन्ह राहिलंय

स्टार्टवर राईट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. पिवळं चिन्ह कुठं राहिलंय ते बघा. नावं अशी विचित्र असतात की माणूस घाबरतो, पण ठरलेली आहेत. नेटवर्क कंट्रोलर म्हणजे वायफाय. इथरनेट कंट्रोलर म्हणजे लॅन. पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर म्हणजे इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, ते नसलं तरी लॅपटॉप चालतो पण टाकून घ्या. एसएम बस कंट्रोलर चिपसेटनं जातो. बेस सिस्टीम डिव्हाइस बहुतेक कार्ड रीडर असतो. पीसीआय डेटा ॲक्विझिशन असं लांबलचक नाव दिसलं तर ते इंटेलचं थर्मल फ्रेमवर्क. मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर म्हणजे आवाज, आणि नव्या इंटेल लॅपटॉपात त्याला नुसता रिअलटेक पुरत नाही, आधी इंटेल स्मार्ट साऊंड लागतो. डिस्प्लेखाली मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर दिसलं म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर नाही, अक्षरं मोठी दिसतायत ती त्यामुळंच.

टचपॅडचं वेगळं सांगतो कारण त्यात लोक हमखास चुकतात, टचपॅडचा ड्रायव्हर परत परत टाकत बसतात आणि ते हलत नाही. बऱ्याच लॅपटॉपात टचपॅड ज्या रस्त्यानं जोडलेलं असतं तो रस्ताच इंटेलच्या सिरीयल आयओ ड्रायव्हरनं उघडतो. तो टाका, रीस्टार्ट करा, टचपॅड बहुतेक स्वतःच चालू होतं. म्हणूनच क्रम पाळायचा, आधी चिपसेट आणि सिरीयल आयओ, मग मॅनेजमेंट इंजिन, मग ग्राफिक्स, आवाज, वायफाय-ब्लूटूथ, आणि सगळ्यात शेवटी कंपनीची हॉटकी वगैरे.

नुसतं अननोन डिव्हाइस लिहिलं असेल तर त्यावर डबल क्लिक, डिटेल्स टॅब, प्रॉपर्टीमध्ये हार्डवेअर आयडीज. पहिल्या ओळीत व्हीईएन आणि त्यापुढं चार अक्षरं, डीईव्ही आणि त्यापुढं चार अक्षरं. हा त्या पार्टाचा पत्ता. व्हीईएन म्हणजे राजारामपुरी आणि डीईव्ही म्हणजे कितवी गल्ली, नुसतं राजारामपुरी सांगून रिक्षावाला पण विचारतोच की गल्ली कुठली. व्हीईएन ८०८६ इंटेल, १०डीई एनव्हीडिया, १००२ एएमडी, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १६८सी अथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम. दोन्ही आकडे कॉपी करून सर्च मारले की पार्टाचं नाव कळतं, मग तो ड्रायव्हर कंपनीच्या साईटवरून आणायचा, सर्चमध्ये वरती आलेल्या "फ्री ड्रायव्हर डाउनलोड" वाल्या साईटवरून नाही. सुरुवातीला पीसीआयच्या जागी एसीपीआय असेल तर ते बहुतेक हॉटकी, सेन्सर किंवा पॉवरचं काहीतरी असतं, लॅपटॉप कंपनीच्याच पानावर मिळतं.

जनरल टॅबवर कोड पण लिहिलेला असतो तो वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाहीच, टाका. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण पार्ट चालू हुईना, दुसरं व्हर्जन टाकून बघा, शक्यतो लॅपटॉप कंपनीच्या साईटवरचं. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटली नाही, तो ड्रायव्हर सोडा आणि दुसरीकडून घ्या, सही तपासणं बंद करायच्या उद्योगात पडू नका. वायफायवर कोड १० आला असेल तर ड्रायव्हर बदलायच्या आधी एक करा, लॅपटॉप पूर्ण शटडाऊन, चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करा. बऱ्याच वेळा वायफाय तेवढ्यानं परत येतं.

एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर टाकून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं दुकानांत सर्रास वापरतात, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि घाई असते. घरी नका वापरू. सोबत ब्राउझर, अँटिव्हायरस, असलं काय काय घुसतं, आणि मॉडेलला न जुळणारा ड्रायव्हर बसला की आठवड्यानं निळी स्क्रीन येते आणि कारण कुणालाच सापडत नाही. बायोस अपडेट पण ड्रायव्हरच्या यादीतच दिसतं म्हणून लोक सोबत मारून देतात, ते गरज असेल तरच आणि चार्जर लावून, लाईटीचा खेळ चालू असताना तर अजिबात नको.

दुकानात कधी न्यायचं

एसएसडीचं नाव बायोसमध्येच दिसत नसेल तर ड्रायव्हरचा विषय संपला, तिथं हे सगळं करून काही होणार नाही. ती सैल झाली असेल किंवा खरंच गेली असेल, उघडून बघावं लागतं. तसंच सगळे ड्रायव्हर बसूनसुद्धा डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायचं नावच नाही, पिवळं चिन्ह पण नाही, तर कार्डच गेलं असण्याची शक्यता जास्त. पुराच्या दिवसांत ओल धरलेल्या लॅपटॉपचं असं होतं.

न्यायचं झालं तर बायोसच्या पानाचा आणि एररचा मोबाईलवर फोटो काढून न्या, मॉडेलचा स्टिकर पण, आणि आधीच सांगा की डेटा पाहिजे का नको. एसएसडी बदलायची म्हणाले तर जुनी दुसऱ्या मशीनला लावून समोर दाखवा म्हणा, आणि बदलली तरी जुनी परत मागून घ्या, तुमचे सगळे फोटो आणि पासवर्ड तिच्यातच आहेत.